वस्तऱ्याची सुलटी बाजू

"दाढी ही उरकायची गोष्ट नाही, साधायची गोष्ट आहे," असं साहेबांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी जाहीर केलं, तेव्हा ऐकायला घरात दोघंच होती. बायको आणि कुकर. कुकरने निदान शिट्टी तरी दिली.

या साहेबांना कारखान्यात सगळे 'शास्त्रशुद्ध' म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर साहेबच. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, आणि हे तिथले सुरक्षा अधिकारी. जिना उतरावा तर कठड्याला हात लावून, शास्त्रशुद्ध. पाणी प्यावं तर बसून, शास्त्रशुद्ध. 'शिंक आल्यास प्रथम हातातील हत्यार खाली ठेवावे' अशी पाटी त्यांनी कटिंग मशीनच्या डोक्यावर लावून घेतली होती. ती पाटी लावताना एकाला शिंक आली आणि तो शिडीवरून पडता पडता राहिला, पण पाटी लागली. घरात बायकोही त्यांना शास्त्रशुद्धच म्हणायची, फक्त सूर जरा वेगळा असायचा.

तर दाढी साधायची म्हणजे काय, तर साहेबांचा मेव्हणा जहाजावर नोकरीला. जग फिरून येताना तो बहिणीला अत्तर आणतो आणि भाऊजींना काहीतरी बिनधोक वस्तू. या वेळी नेमकी त्याची बुद्धी फिरली आणि त्याने जपानी वस्तरा आणला. अस्सल, जुन्या घडणीचा. एकाच पोलादाच्या तुकड्यातून घडवलेला, वीतभर लांब, मिटत नाही की उघडत नाही, मुठीला वेताची बारीक साल गुंडाळलेली.

"भाऊजी, ही शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे बरं का. वापरायची नाही," मेव्हणा म्हणाला.

एवढं त्याने म्हणायला नको होतं.

आठवडाभर साहेबांनी मोबाइलवर जपानी म्हाताऱ्यांच्या दाढ्या होताना पाहिल्या. जेवताना पाहिल्या, झोपताना पाहिल्या. मग ते इतरांना शिकवायला मोकळे झाले. "या वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात," ते बायकोला म्हणाले. "एक सुलटी, एक उलटी. गालाला कायम सुलटीच लावायची. उलटी लावली की संपलं. आपल्याकडचे वस्तरे कसेही फिरवा, ते गाढवासारखे. हा घोडा आहे."

बायकोने वस्तरा हातात न घेताच पाहिला. "म्हणजे उजव्या गालाला उजव्या हाताने सुलटी लागेल. आणि डाव्या गालाला?"

"हात नाकावरून पलीकडे न्यायचा."

"मग आरशात काय दिसणार? कोपर?"

"तंत्र असतं त्याला."

"न्हावी समोर उभा राहून करतो, त्याचं ठीक आहे. तुम्ही स्वतःच्या समोर कसे उभे राहणार आहात?"

असे प्रश्न अडाणी माणसंच विचारतात, अशा चेहऱ्याने साहेब उठले आणि सरावाला लागले. सराव फुग्यावर करायचा असतो. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता फेस काढायचा. पाकिटातले फुगे एकामागून एक फुटले. पंख्याच्या पात्यांवर फेस, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर फेस. फोटोतल्या नवऱ्या मुलाला पांढरी दाढी आली. शेवटचा फुगा तेवढा वाचला, कारण तो आधीच निम्मा गळालेला होता. त्याच्यावर हात फिरवून साहेबांनी प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं सांगितलं. धार परजायला चामड्याचा पट्टा लागतो, तोही त्यांनी घरातच शोधला. तो बायकोच्या पर्सचा होता, हे तिला दुसऱ्या दिवशी पर्स खांद्याला लावताना कळलं.

एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण साहेबांनी घरातले झाडून सगळे प्लॅस्टिकचे रेझर गोळा केले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. बायकोचासुद्धा. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन, भर गिऱ्हाइकांत, त्याला सांगून आले, "तुझा माझा संबंध संपला. आता आपण जपानी."

"बरं साहेब," न्हावी म्हणाला. "लागलं तर या."

"लागलं म्हणजे?"

"नाही, गरज लागली तर म्हणतोय मी."

आता हा सगळा उपद्व्याप त्यांनी कोणत्या दिवसासाठी राखून ठेवला होता, ते ऐका. कारखान्याच्या फाटकाशी एक मोठा बोर्ड आहे. 'अपघाताविना दिवस' असं वर लिहिलेलं, आणि खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे इंग्रजी आकडे. त्याखाली एक ओळ : 'मागील अपघाताचे कारण'. बोर्डावर अख्खं वर्ष पुरं झालं की कंपनीकडून ढाल, सगळ्या कामगारांना घरच्यांसकट समुद्रावर सहल, आणि साहेबांना बढती. कंपनीच्या सगळ्या कारखान्यांच्या सुरक्षेचे ते मुख्य होणार. ते वर्ष आज पुरं होत होतं. मुख्य कचेरीतले एक बडे पाहुणे ढाल घेऊन येणार होते, फोटो निघणार होते. अशा दिवशी गाल गुळगुळीत हवा, आणि कोणी विचारलंच तर म्हणता यावं, "अं, हो, जपानी वस्तरा वापरतो मी."

गेल्या वर्षीही असंच सगळं जमत आलं होतं. सहलीला आठवडा उरला असताना पॅकिंगमधल्या मावशींच्या बोटाला पुठ्ठ्याची कड लागली. टिपूसभर रक्त. मावशींनी बोट तोंडात घालून काम चालू ठेवलं, पण साहेबांनी लांबून पाहिलं. "रक्त आलं म्हणजे अपघात. थेंब असो की घागर," असा त्यांचाच नियम. आकडा शून्यावर आला, सहल गेली, बोर्डावर कारण लागलं : 'पुठ्ठा'. आणि साहेबांचा दुसरा नियम असा, की ज्याच्यामुळे शून्य झालं, त्यानेच पुढे रोज सकाळी स्टुलावर चढून आकडा बदलायचा. म्हणजे आठवण राहते.

मावशींना आठवण राहिली. त्यांना एकटीलाच नाही, सगळ्यांनाच. वर्षभर डबा खाताना कोणी ना कोणी म्हणायचंच, "मावशी, बोट सांभाळा हं." मावशी हसून घ्यायच्या आणि आत जळायच्या. साठीला आलेली बाई, समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता. नातीला कबूल करून बसली होती. मध्ये एकदा तिच्याकडून सहाचा आकडा उलटा टांगला गेला आणि कारखाना एका सकाळीत तीन दिवसांनी जास्त सुरक्षित झाला, तेव्हा साहेबांनी तिला सगळ्यांदेखत अर्धा तास सुनावलं होतं. "प्रत्येक गोष्टीला सुलटी बाजू असते, मावशी. ती बघायला शिका."

असो. सकाळ उजाडली.

साहेबांनी बाथरूममध्ये गरम पाण्याने चेहरा शेकला, ब्रशने फेस केला, वस्तरा पर्सच्या पट्ट्यावर परजला आणि सुलटी बाजू उजव्या गालाला लावली. खर्रर्र. खरं सांगायचं तर छान झाली. माणसाचं वाईट चिंतू नये, उजवा गाल खरोखरच लहान बाळासारखा निघाला. ओरखडा नाही की पुरळ नाही. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी दार उघडून बायकोला बोलावलं. "हात लावून बघ."

तिने बोट फिरवलं. "छान. आता दुसरा करा आणि बाहेर या. मला शाळेत पहिलाच तास घ्यायचाय, उशीर होतोय."

दुसरा. साहेबांनी हात नाकावरून पलीकडे नेला. आरशात एक कोपर दिसलं. त्यांनी मान वळवली, कोपरही वळलं. वस्तरा डाव्या हातात घेतला, तर तो गालाऐवजी कानाकडे निघाला, जणू जन्मात पहिल्यांदाच कामाला लावलाय. उजव्या हातात घेऊन पालथा धरावा, तर उलटी बाजू गालाला लागते. ते आरशात बघून मूठ बदलत राहिले. सुलटी होती ती आरशात उलटी दिसे, आणि आरसा खोटं बोलतोय की मोबाइलवरचे म्हातारे, तेच कळेना. फेस वाळून त्याची पापडी धरली.

"अहो, झालं का?" बाहेरून बायको.

"डावी बाजू शिल्लक आहे."

"मग काय करताय आत इतका वेळ?"

"विचार."

घरात दुसरा रेझर नव्हता. सगळे कचऱ्याच्या गाडीने नेले होते. बायकोने दार ढकलून नवऱ्याचा अर्धा चेहरा पाहिला. डावीकडे चार दिवसांचे करडे खुंट, कारण साहेबांनी या मुहूर्तासाठी दाढी मुद्दाम वाढवली होती. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. फक्त म्हणाली, "फोटो उजवीकडूनच काढून घ्या." आणि पट्टा नसलेली पर्स काखेत धरून शाळेला गेली.

साहेबांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला, नाकापर्यंत. वस्तरा चष्म्याच्या डबीत घातला, डबी पिशवीत. रस्त्याला न्हाव्याचं दुकान लागलं. दुकान रिकामं होतं, खुर्ची रिकामी होती, आणि पाच मिनिटांचं काम होतं. साहेबांची पावलं थबकली. न्हावी बाहेर आला.

"काय साहेब, मफलर? दात दुखतोय?"

अर्धा क्षण, फक्त अर्धा क्षण साहेबांनी विचार केला. मग आतल्या गिऱ्हाइकांच्या बाकाकडे पाहून त्यांना परवाचं आपलंच भाषण आठवलं. "हो. दात," ते म्हणाले आणि पुढे निघाले. माणसाचा दात एक वेळ निघतो, ताठा निघत नाही.

फाटकावर वॉचमन उभा होता. हा साहेबांचा पट्टशिष्य. साहेबांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट याला पाठ, अर्थासकट नाही, पण पाठ. शेजारी मावशी स्टुलावरून उतरत होत्या. वर्षाचा शेवटचा आकडा नुकताच टांगून झाला होता. मावशींनी आज इस्त्रीची साडी नेसली होती आणि आकडे ठेवायचा पत्र्याचा डबा छातीशी धरला होता.

"साहेब, झालं बघा वर्ष," मावशी म्हणाल्या.

"पाहुणे येऊन ढाल देईपर्यंत झालं असं म्हणायचं नाही," साहेब मफलरातून म्हणाले. "आकडे सुलटे लावलेत ना?"

मावशींचं हसू मावळलं. "बघून लावलेत."

"साहेब, मफलर," वॉचमन म्हणाला. "मशीनजवळ लोंबतं कापड चालत नाही. पाटी आहे."

"पाटी मीच लावली आहे."

"म्हणूनच म्हटलं. आणि पिशवीत धारदार काही?"

"चष्मा आहे."

वॉचमनने डबीकडे पाहिलं, मग साहेबांच्या डोळ्यांवर आधीच असलेल्या चष्म्याकडे पाहिलं. पण चष्मा धारदार नसतो, एवढं त्याला पाठ होतं. त्याने सलाम ठोकला. जाता जाता म्हणाला, "साहेब, आज मॉक ड्रिलचं लक्षात आहे ना? तुम्ही सांगितलं तसंच करतो."

साहेबांनी मान हलवली. लक्ष कुठे होतं? त्यांना वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधला मोठा आरसा दिसत होता. दोन आरशांमध्ये उभं राहिलं तर कोपर आडवं येणार नाही, असा एक शास्त्रशुद्ध विचार त्यांना वाटेत सुचला होता.

ड्रिल म्हणजे काय, ते सांगून टाकतो. आगीचा भोंगा वाजला की सगळ्यांनी काम टाकून फाटकाजवळच्या मैदानात जमायचं, मोजणी करायची, आणि जो सापडत नाही त्याला दोघांनी शोधून स्ट्रेचरवरून आणायचं. तो जखमी अर्थात नाटकातला. कोणाला तरी आधी गुपचूप लपवून ठेवायचं, अंगावर लाल रंग लावायचा. तो निवडायचे साहेब, आणि या वेळी दाढीच्या नादात ते राहूनच गेलं होतं. गेल्या वेळचा जखमी स्ट्रेचरवर हसला होता, शिवाय 'अरे सोडा, बाथरूमला जायचंय' म्हणाला आणि बाकीच्यांनी खरंच सोडलं, म्हणून साहेब भयंकर चिडले होते. "जखमी माणूस भेदरलेला असतो. तो काहीही बोलेल. ऐकायचं नाही. पट्टे आवळायचे आणि आणायचं." आणि या वेळी तर त्यांनी वॉचमनला सांगितलं होतं की भोंगा पाहुणे यायच्या सुमाराला, मनात येईल तेव्हा वाजव. मलासुद्धा सांगू नकोस. तरच खरी परीक्षा.

परीक्षा सुरू झाली तेव्हा परीक्षक बाथरूमचं दार आतून लावून, हात धुवायच्या साबणाचा फेस डाव्या गालाला फासून, मोठ्या आरशासमोर पाठमोरे उभे होते. हातात एक छोटा आरसा, त्यात मोठ्या आरशातला गाल. आता उलट्याचं सुलटं झालं होतं आणि पुन्हा कुठेतरी उलटं. आरशावरची पाटी सांगत होती, 'घाई म्हणजे अपघात'. ती पाटीही त्यांचीच. त्यांनी श्वास रोखला, हनुवटीखाली वस्तरा टेकवला.

आणि भोंगा वाजला. हा भोंगा गावाच्या टोकापर्यंत ऐकू जातो. तो बसवताना साहेबांनी आवाजाबद्दल तडजोड केली नव्हती.

जखम म्हणाल तर बोटाच्या पेराएवढी. पण हनुवटीखालची कातडी, तिथून रक्त वाहतं ते नळ उघडा राहिल्यासारखं. साहेबांनी छोटा आरसा टाकला, वस्तरा बेसिनवर ठेवला, एवढी शुद्ध होती. मफलर गळ्याशी दाबून रक्त थांबायची बराच वेळ वाट पाहिली. मग दार उघडून ओरडले, "कोणी आहे का? मला कापलंय."

जिन्यावरून वॉचमन आणि फिटर स्ट्रेचर घेऊन चढतच होते. खाली मोजणी झाली होती, एक माणूस कमी भरला होता. दारात साहेब, अर्धा चेहरा फेसाने भरलेला, गळ्यावर रक्त, डोळे भिरभिरलेले. दोघं जागीच थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आदर उमटला, जो साहेबांनी दहा वर्षांत कधी पाहिला नव्हता.

"साहेब स्वतः जखमी झालेत," फिटर हळूच म्हणाला. "बघ. याला म्हणतात शिकवणं."

"अरे मूर्खांनो, खरं आहे हे. खरंच कापलंय."

"काय बोलतात बघ," वॉचमन म्हणाला. "अगदी भेदरलेला माणूस."

"मी तुमचा साहेब म्हणून सांगतोय."

"ऐकायचं नाही," वॉचमन फिटरला म्हणाला. "पट्टे आवळ."

त्यांनी शिकवल्याप्रमाणे पट्टे आवळले. शिकवल्याप्रमाणे डोकं उंच ठेवलं, जखमेवर मफलर घट्ट बांधला, आणि जिन्यावरून एका वेळी एक पायरी उतरले. साहेब वाटभर शिव्या देत होते. शिवी ऐकली की फिटर म्हणायचा, "वा." वॉचमनने जाता जाता बेसिनवरचा वस्तराही डबीत घालून घेतला, कारण घटनास्थळावरची वस्तू सोडायची नसते.

मैदानात सगळा कारखाना रांगेत उभा होता. पुढे मॅनेजर, आणि त्यांच्याशेजारी नुकतेच गाडीतून उतरलेले पाहुणे, काखेत ढाल. स्ट्रेचर त्यांच्या पायाशी टेकलं. पाहुण्यांनी वाकून पाहिलं.

"ही तर अर्धवट दाढी आहे."

"आग लागली तेव्हा माणूस दाढी करत होता, सर," मॅनेजर म्हणाले. हे त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं. "आमचे सुरक्षा अधिकारी स्वतः. किती बारकावे."

"अप्रतिम," पाहुणे म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळा कारखाना टाळ्या वाजवू लागला.

"सर, हे नाटक नाही," साहेब ओरडायला गेले, आणि तोंड उघडलं तसं त्यांना पाहुण्यांच्या खांद्यावरून मागचा बोर्ड दिसला. अख्खं वर्ष. त्यांच्याच नियमाने, थेंब असो की घागर. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नाही म्हणजे... हे नाटक नाही, असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं ना?"

"पुरेपूर," पाहुणे म्हणाले.

मावशी रांगेतून पुढे आल्या. त्या जवळ बसल्या, मफलराची कड उचलून पाहिली आणि पुन्हा नीट दाबून धरली. एवढ्या वर्षांत त्यांनी पुठ्ठ्याने कापलेली बोटं खूप पाहिली होती. त्या साहेबांच्या कानाशी वाकल्या.

"साहेब, रंग अजून गळतोय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम होता, विनंती होती, आणि बरीचशी भीती होती. मावशींनी एकच शब्द बाहेर काढला असता तर संपलं असतं. वर्षभर ऐकलेले टोमणे एका वाक्यात फिटले असते. पण समुद्रही गेला असता. त्यांनी पदराने साहेबांच्या गळ्यावरचा ओघळ टिपला.

"माझ्या बोटाचाही रंगच होता म्हटलं असतं, तर चाललं असतं का हो?" त्या तशाच कुजबुजल्या.

साहेबांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तीही पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत, त्यामुळे तोंड लपवायचीही सोय नव्हती.

"मी बोलत नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पण बोलू नका. ढाल मिळेपर्यंत गप पडून राहा."

किती सोपं काम होतं बघा. गप पडून राहायचं. लहान मूल राहील. मॅनेजरांनी पट्टे सोडायला सांगितले, साहेब मफलर धरून उठून बसले, पाहुण्यांनी ढालीवरचा कागद काढला. ढाल साहेबांच्या हातात जायला हातभर अंतर उरलं होतं. तेवढ्यात वॉचमनने डबी उघडून पुढे केली. "सर, घटनास्थळावरची वस्तू."

पाहुण्यांनी ढाल मॅनेजरांकडे दिली आणि वस्तरा उचलला. "अरे वा, याचीही तयारी? छान केलाय. पुठ्ठ्याचा का?"

साहेब गप.

"नाही, पत्रा दिसतोय. वर चंदेरी रंग. आमच्या नातवाच्या खेळण्यात आहे असा एक."

मावशींनी साहेबांचा दंड धरला. साहेबांनी दात आवळले.

"मुठीला सुतळी गुंडाळली आहे," पाहुणे मॅनेजरांना दाखवत म्हणाले. "पण एक चूक राहिली. एक बाजू सपाट, एक खोलगट. खऱ्या वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. खोटी वस्तू ओळखू येते ती अशी."

आता मात्र हद्द झाली. माणूस बढती सोडेल, ढाल सोडेल, समुद्र तर दुसऱ्याचाच होता. पण चुकीच्या माहितीला गप्प कसा बसेल?

"सुतळी?" साहेब म्हणाले. "वेत आहे तो. आणि खोटी? सर, एका पोलादाच्या तुकड्यातून घडवलेला अस्सल जपानी वस्तरा आहे हा. त्याला सुलटी आणि उलटी अशा दोन बाजू असतात म्हणजे असतात. खोटा वाटतोय ना? बोट फिरवून बघा."

हे बोलण्यातलं होतं. करण्यातलं नव्हतं. पण मुख्य कचेरीतल्या माणसांना सांगितलेलं लगेच करायची सवय नसते म्हणतात, ते खोटं आहे. पाहुण्यांनी बोट फिरवलं.

एक क्षण काहीच झालं नाही. मग पाहुण्यांनी बोटाकडे पाहिलं, आणि बोटाने पाहुण्यांकडे. लाल ओघळ मनगटापर्यंत आला.

कारखान्याने टाळ्या वाजवल्या. "दुसरा जखमी," मागून कोणीतरी म्हणालं. "पाहुणेच. वा. शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

"अहो, मला लागलंय," पाहुणे ओरडले.

वॉचमन आणि फिटरने एकमेकांकडे पाहिलं. भेदरलेला माणूस काहीही बोलतो. स्ट्रेचर रिकामंच होतं. पट्टे आवळले गेले, डोकं उंच ठेवलं गेलं, आणि पाहुणे ढालीची, पोलिसांची आणि स्वतःच्या हुद्द्याची नावं घेत प्रथमोपचाराच्या खोलीकडे रवाना झाले. या वेळचं ड्रिल फार म्हणजे फारच चांगलं झालं, असं अजूनही सगळे म्हणतात.

नर्सबाईंनी दोघांना शेजारी शेजारी बसवून टाके घातले. पाहुण्यांच्या बोटाला दोन, साहेबांच्या हनुवटीला तीन. "रंग नाही हो हा," त्या मॅनेजरांना म्हणाल्या, आणि प्रकरण उघड झालं. सुरक्षेची ढाल द्यायला गेलो आणि उघड्या पात्यावर स्वतःच बोट फिरवलं, हे मुख्य कचेरीत कसं सांगायचं, हा हिशेब पाहुणे मनात करत असावेत. शेवटी म्हणाले, "कामगारांची यात काही चूक नाही. सहल होऊ द्या. बाकीचं आपण... फार वाढवू नका." ढाल त्यांच्याबरोबर गाडीत बसून परत गेली. बढतीचा विषय कोणी काढला नाही.

बातमी मैदानात पोचली तेव्हा पॅकिंगमधल्या बायकांनी मावशींना उचलायचंच बाकी ठेवलं. मावशी मात्र शांतपणे आत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. साहेब फाटकाजवळ उभे होते, हनुवटीला पट्टी, उजवा गाल बाळाचा, डावा गाल करडा. टाके निघेपर्यंत त्या बाजूला वस्तरा काय, साबणसुद्धा लावायचा नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं.

मावशींनी डबा पुढे केला. "घ्या साहेब. आजपासून तुमची पाळी."

साहेबांनी डबा घेतला. "मावशी, गेल्या वर्षी तुमच्या बोटाचं मी जे केलं, ते..."

"चढा आता. मी स्टूल धरते," मावशी म्हणाल्या. "शास्त्रशुद्ध चढा."

साहेब चढले. वर्षाचे आकडे एकेक करून काढले. 'पुठ्ठा' ही पाटी काढली. वॉचमनने तोवर नवी रंगवून आणली होती, त्याला कामात उशीर आवडत नाही. त्यावर लिहिलं होतं : 'दाढी', आणि नियमाप्रमाणे तपशील हवा म्हणून खाली कंसात 'अर्धी'. साहेबांनी ती निमूटपणे टांगली. सगळा कारखाना खाली उभा राहून बघत होता. मग त्यांनी डब्यातून शून्य काढलं. हातात धरून एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने. वर केलं, खाली केलं, परत फिरवलं.

खालून मावशींचा आवाज आला.

"कसंही लावा साहेब. त्याला सुलटी बाजू नसते."